उजव्या कोपराची चौकशी

द्रौपदी खरात खोटं बोलतेय, असं सगळ्यात आधी मी म्हटलं. मॅनेजरसाहेब नंतर म्हणाले, चार्जशीट त्याच्याही नंतर निघालं. म्हणून ही हकिगत माझ्यापासूनच सुरू करायला हवी.

मी जयवंत घाडी, मूळचा कणकवलीकडचा. बारा वर्षं परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काढली. ब्याऐंशीच्या संपात ती नोकरी गेली आणि दीड वर्ष घरी बसलो. मग मुलुंडला, चेकनाक्याच्या अलीकडे, इलेक्ट्रिकचे स्विच बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटलो आणि वर्षभरात असेंब्ली खात्याचा सुपरवायझर झालो. माझ्या हाताखाली बत्तीस बायका होत्या. लांबलचक बाकांना लागून स्टुलांवर समोरासमोर बसायच्या, एका हातात स्विचचं कवच, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. एका स्विचला चार स्क्रू.

संपानंतर मला एक वाईट सवय लागली होती. दोन माणसं कुजबुजताना दिसली की वाटायचं, इथेही काहीतरी शिजतंय. पुन्हा घरी बसायची माझी तयारी नव्हती. त्यामुळे डोळे उघडे ठेवायचे आणि जे दिसेल ते वर सांगायचं, हेच मी माझं काम समजत होतो.

द्रौपदीबाई खात्यातला सगळ्यात चपळ हात. बुलढाण्याकडची. बाहत्तरच्या दुष्काळात आईबापांबरोबर मुंबईला आलेली. वय बत्तीस-तेहेतीस. बोलणं कमी, पण बोलली की समोरच्याच्या डोळ्यांत बघून. सुपरवायझर आला म्हणून पदर सावरायचा, मान खाली घालायची, असलं काही तिच्यात नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते खटकायचं.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी तिच्या हातून स्क्रूड्रायव्हर निसटला. मी दुर्लक्ष केलं. दुपारच्या चहाला ग्लास निसटला.

"काय झालं, खरातबाई?"

"कोपर दुखतंय साहेब. बाहेरच्या बाजूला, हे हाड आहे ना, तिथं. काही पकडलं की कळ थेट मनगटापर्यंत जाते."

"कुठे आपटलात काय?"

"नाही."

"मग उगाच दुखेल कसं?"

ती पुन्हा कामाला जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून सरकारी रुग्णालयात गेली आणि एक चिठ्ठी घेऊन आली. त्यावर इंग्रजीत दोनच शब्द होते: टेनिस एल्बो.

आमचे मॅनेजर चंद्रप्रकाश, मालकांचे भाचे. त्यांनी ती चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली आणि खो खो हसले. "घाडी, आपल्याकडे टेनिस कोण खेळतं रे? बाई कुठल्या क्लबात जातात?"

मीही हसलो. मग त्यांनी विचारलं, "एक्स-रे काढला?"

काढला होता. त्यात काहीही निघालं नव्हतं. हाड एकदम साफ.

"म्हणजे बघ," चंद्रप्रकाश म्हणाले. "फोटोत नाही, सूज नाही, रक्त नाही. फक्त बाई म्हणते म्हणून दुखणं."

तरी त्यांनी तिला कंपनीच्या डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरांनी कोपरात सुई मारली. पहिले दोन दिवस ती कळवळत होती. तिसऱ्या दिवशी येऊन मला म्हणाली, "साहेब, जादू झाली. काही दुखत नाही." आणि पुन्हा पहिल्यासारखी बसली. रोजचे सहाशे स्विच पुरे करू लागली.

पाच आठवडे असे गेले. मार्चच्या सुरुवातीला तिचा हात पुन्हा धरला, आणि आधीपेक्षा वाईट. आता तिला नळाची चावी फिरवता येत नव्हती, वेणी घालायला हात वर नेता येत नव्हता. असं ती सांगत होती. घाटकोपरच्या एका हाडवैद्याकडे जाऊन आली, त्याने हात ओढून आणखी सुजवला. हळद-चुन्याचा लेप लावून ती कामाला बसायची. पिवळं कोपर बघून मला वाटायचं, हा देखावा आहे.

आणि मग त्याच पंधरवड्यात नंदा म्हणाली, तिचंही कोपर दुखतंय. चार दिवसांनी रुक्मिणी. दोघी द्रौपदीच्याच बाकावरच्या.

एक बाई असती तर मी सोडून दिलं असतं. तीन म्हटल्यावर मला गिरणीचे दिवस आठवले. गेटवर तेव्हा एका नव्या युनियनची माणसं हँडबिलं वाटून जात होती. कामाचा वेग पाडायचा, मालकाला जेरीला आणायचं आणि मग मागण्या पुढे करायच्या, हा प्रकार मी पाहिलेला होता. मी चंद्रप्रकाशांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "साहेब, मला हे सरळ दिसत नाही. खरातबाई खोटं बोलतेय आणि बाकीच्यांना शिकवतेय."

ते पुढे वाकले. "पुरावा?"

"काढतो."

एप्रिलमध्ये द्रौपदीने पंधरा दिवसांची आजाराची रजा घेतली. त्यातल्या पहिल्या रविवारी सकाळी मी तिच्या वस्तीत गेलो. मुलुंड कॉलनीच्या मागे टेकडीच्या चढावर घरं आहेत. खाली पिठाची गिरणी, समोर चहाची टपरी. मी टपरीच्या बाकावर पेपर पुढे धरून बसलो. मनात थोडी लाज होती, नाही असं नाही. पण आपण कंपनीचं काम करतोय, असं स्वतःला सांगत होतो.

साडेनऊच्या सुमारास द्रौपदी गिरणीतून बाहेर आली. तेलाचा मोठा पत्र्याचा डबा पिठाने भरलेला, दहा-बारा किलोचा तरी असेल. तो तिने उजव्या हातावर घेतला होता! तळवा वर, डबा छातीला टेकलेला, आणि बाई सरळ चढ चढून गेली. चेहऱ्यावर वेदनेची एक रेघ नाही. मी खिशातली डायरी काढून वेळ लिहिली, हात लिहिला, डबा लिहिला.

पंधरा मिनिटांनी नंदा आणि रुक्मिणी त्याच चढाने वर गेल्या आणि द्रौपदीच्या घरात शिरल्या. दार लोटलं गेलं. मला आणखी काय हवं होतं? मी उठलो.

घरी आल्यावर सुगंधाला, माझ्या बायकोला, सांगितलं. मला वाटलं होतं, ती खूश होईल. ती तांदूळ निवडायची थांबली.

"बायलमाणसाच्या घरार पाळत ठेवक गेल्लास? आणि असां कोणी माझ्यार ठेवल्यान तर?"

"तुला नाही कळायचं ते."

"नाय कळाचा," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

सोमवारी मी रिपोर्ट दिला. आठवड्याभरात द्रौपदीला चार्जशीट गेलं: आजाराचं सोंग करून रजा घेणे आणि इतर कामगारांना चिथावणे. कामावरून तात्पुरतं दूर करून चौकशी लावली. चौकशी चालवायला बाहेरून एक वकील आणले होते, पन्नाशीचे, हळू बोलणारे.

पहिली तारीख मेच्या सुरुवातीला, चंद्रप्रकाशांच्या केबिनमध्ये. मी रिपोर्ट वाचून दाखवला. द्रौपदी समोरच्या खुर्चीवर बसून ऐकत होती. मांडीवर उजवा हात, त्यावर डावा.

वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही पिठाचा डबा उचलला होता?"

"उचलला."

"कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"मग उजवं कोपर दुखतं, असं कसं म्हणता?"

"तसा उचलला तर नाही दुखत. डाव्या खांद्याला पोरगी झोपली होती, म्हणून उजव्यावर घेतला."

चंद्रप्रकाश मोठ्याने हसले. "बारा किलोचा डबा उचलला तर दुखत नाही, आणि चार इंचाचा स्क्रूड्रायव्हर धरला तर दुखतं. वा!"

द्रौपदी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे वळली. "साहेब, तुम्ही टपरीवर होतात? मग हाक मारायची ना. घरी येऊन बघितलं असतंत."

मी कागदांकडे बघत राहिलो. पोरगी मला दिसली नव्हती. किंवा दिसली असेल, पण मी डबा बघत होतो. डायरीत पोरीचा उल्लेख नव्हता.

तारीख पुढे ढकलली. जाताना वकील चंद्रप्रकाशांना म्हणाले, "ती रुग्णालयाची चिठ्ठी मध्ये येते. खोटी असेल तर काम सोपं होईल." चंद्रप्रकाशांनी माझ्याकडे बघितलं. म्हणजे तेही काम माझंच.

दोन दिवसांनी मी चिठ्ठी घेऊन रुग्णालयात गेलो. तिथे एका कोपऱ्यातल्या खोलीत हातापायांचे व्यायाम करून घेत. वितळलेल्या मेणाचा वास, भिंतीला लाकडी चाक, दोन-चार म्हातारी माणसं खांदे फिरवत बसलेली. चिठ्ठीवर सही होती ती मीरा टिपणीस नावाच्या बाईंची. तिशीच्या, जाड चष्मा, पांढरा कोट.

मी कंपनीचं नाव सांगताच त्यांचा चेहरा बदलला.

"पेशंटबद्दल मी तुम्हाला काही सांगणार नाही."

"सही तुमचीच ना, एवढंच हवंय."

"माझीच. झालं?"

मी निघायला हवं होतं. पण बाईंच्या आवाजात एवढी खात्री होती की मला वाटलं, हीसुद्धा सामील असेल. मी म्हटलं, "मग ती बारा किलोचा डबा त्याच हाताने कशी नेते? मी डोळ्यांनी पाहिलंय."

त्या थांबल्या. "कसा धरला होता? दाखवा."

मी उजवा हात पुढे केला, तळवा वर, कोपर वाकवून, डबा छातीशी धरल्यासारखा.

त्यांनी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढून माझ्यापुढे ठेवलं. "आता हे उजव्या हाताने उचला. हात सरळ, तळवा खाली, वरून धरून. आणि डाव्या हाताची बोटं कोपराच्या बाहेरच्या या हाडाखाली ठेवा."

मी उचललं. बोटांखाली एक स्नायू दोरखंडासारखा ताठ झाला.

"लागला हाताला? मनगट वर उचलून धरणारे स्नायू तिथे रुजलेत. काहीही घट्ट पकडलं, पिळलं, की सगळा ताण त्या मुळावर येतो. रोज हजारो वेळा येत राहिला की मूळ झिजतं, बारीक बारीक फाटतं. आता तेच स्टूल तळवा वर करून, खालून उचला."

खालून हात घालून उचललं. बोटं तिथेच होती. तो दोरखंड ढिला, मऊ. ताण हाताच्या आतल्या बाजूला आणि दंडात गेला होता.

मी स्टूल खाली ठेवलं आणि पुन्हा वरून उचललं. पुन्हा खालून. बाई बघत होत्या.

"एक्स-रेमध्ये का दिसत नाही?"

"एक्स-रेत हाड दिसतं. हे हाड नाहीच."

"आणि सुई घेऊन बरी झाली होती ती?"

"सुईने दुखणं गप्प होतं. फाटलेलं सांधत नाही. हात दुखत नाही म्हटल्यावर तुम्ही तिला परत त्याच कामाला बसवलंत. तिला विश्रांती हवी, कोपराखाली पट्टा हवा, मग हळूहळू ताकदीचे व्यायाम. सहा महिने, कदाचित जास्त." त्या चष्मा पुसू लागल्या. "टेनिसचं नाव उगाच पडलंय हो. माझ्याकडे येतात ते सुतार, रंगारी, धुणी धुणाऱ्या बायका. तुमच्याकडे अशा स्क्रू पिळणाऱ्या किती?"

"बत्तीस."

"मग तिघीच कशा आल्या? बाकीच्या कुठे आहेत?"

मी चिठ्ठी खिशात घातली. बाहेर रस्त्यावर आलो आणि पहिला विचार मनात आला तो असा: या बाईला हे कोणी शिकवलं असेल? युनियनवाले इथेही पोचले असतील का? खरं सांगतो, असाच विचार आला. पण डाव्या हाताच्या बोटांना तो ताठ झालेला स्नायू अजून जाणवत होता. तो काही कोणी शिकवलेला नव्हता.

चंद्रप्रकाशांना मी एवढंच सांगितलं की सही खरी आहे. त्यांनी तोंड वाकडं केलं. मी आणखी बोललो नाही. भीती वाटली. पुन्हा दीड वर्ष घरी बसायची भीती, दुसरी कसली?

पण त्या टिपणीसबाईंचा प्रश्न काही सुटेना. बाकीच्या कुठे आहेत? शनिवारी मी खात्यात जाहीर केलं, "स्टुलांवर नंबर टाकायचेत. एकेकीने आपलं स्टूल उचलून माझ्या टेबलाजवळ आणा. उजव्या हाताने, वरून धरून."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नंबर टाकायला उजवाच हात कशाला, हे कोणालाही कळलं असतं. त्यांना वाटलं, आणखी कोणाला तरी काढायचं चाललंय. तरी त्या उठल्या. काहींनी सहज आणलं. एक स्टूल मध्येच खाली पडलं आणि आणणारी म्हणाली, घाम आलाय. दुसरीने ओठ दाबून आणलं आणि ठेवताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तीही म्हणाली, काही नाही साहेब.

शेवंतीबाई खात्यात सगळ्यात जुन्या, पन्नाशीला आलेल्या. नवरा आजारी, घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. त्या हसत हसत डाव्या हाताने स्टूल घेऊन आल्या.

"उजव्या हाताने, शेवंतीबाई."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी उजवा हात स्टुलावर ठेवला, उचलायचा प्रयत्न केला आणि हात मागे घेतला. मग अगदी हळू म्हणाल्या, "साहेब, मला काही होत नाही. मी कुठे गेले नाही, चिठ्ठी आणली नाही. लिहू नका."

मी लिहिलं नाही. पण मनात मोजत होतो. बत्तीसपैकी एक बाहेर, राहिल्या एकतीस. नंदा आणि रुक्मिणी धरून नऊ जणींना ते स्टूल नीट उचलता आलं नव्हतं. त्यातल्या सात जणी महिनोन् महिने काही होत नाही असं दाखवत होत्या. निमूटपणे पिशवी डाव्या हातात घ्यायच्या, डबा मैत्रिणीकडून उघडून घ्यायच्या, आणि मी खाली-वर फिरत होतो, दुखण्याचं सोंग शोधत. बरं असल्याचं सोंग माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर मी द्रौपदीच्या रिकाम्या जागेवर बसलो आणि स्क्रू पिळायला घेतले. पंचवीस स्विचांनंतर, म्हणजे शंभर स्क्रूंनंतर, मनगट भरून आलं. बारा वर्षं गिरणीत राबलेल्या माझ्या हाताचं! मग लक्षात आलं. आधीच्या स्विचमध्ये आटे पाडलेली पितळेची नळी असायची, स्क्रू दोन बोटांनी फिरायचा. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर पितळ काढून टाकलं. नवा स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःच आटे कापत जातो, त्याला जोर लावावा लागतो. त्याच महिन्यात रोजचे चारशे ऐंशी स्विच होते ते सहाशे झाले. नव्या नमुन्यावर "काम सुलभ" असा शेरा मारून सही करणारा मीच होतो. मी तेव्हा तीन स्क्रू पिळून पाहिले होते.

रविवारी पुन्हा तो चढ चढलो. या वेळी टपरीवर थांबलो नाही. द्रौपदीचं दार उघडंच होतं. आत नंदा डाव्या हाताने भाकरीचं पीठ मळत होती, रुक्मिणी बादलीतले कपडे पायाने तुडवत होती. दोघींचेही हात दुखरे, पण द्रौपदीपेक्षा बरे. दर रविवारी तिघी मिळून अशा तीन घरांची कामं उरकत होत्या. बंद दाराआड हे शिजत होतं.

द्रौपदी पलंगावर बसली होती. कोपराखाली पट्टा. ती उठली नाही.

"आज कोणाला बघायला आलात, साहेब?"

"चौकशीत माझा रिपोर्ट मागे घेणार आहे. सांगायला आलो."

तिचा नवरा दशरथ दारात येऊन उभा राहिला. ठाण्याला एका सोसायटीत वॉचमन होता, दोन मुलींचा बाप, शांत माणूस. त्याने मला बसायलाही सांगितलं नाही.

"हे कशाला करताय?" द्रौपदीने विचारलं. "साहेबांनी पाठवलं? मी काय बोलते ते ऐकून या म्हणून?"

"नाही. स्वतः आलोय."

"टपरीवर पण स्वतःच आला होतात."

मी टिपणीसबाईंच्या स्टुलाचं सांगितलं, नव्या स्क्रूचं सांगितलं. शेवंतीबाईंचं नाव घेतलं नाही. द्रौपदीने सगळं ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे बघितलं.

दशरथ म्हणाला, "लिहून द्या."

"तारखेला बोलणारच आहे की."

"तारखेला तुम्ही काय बोलाल, ते आम्हाला काय माहीत? आता द्या लिहून. सहीसकट."

त्याने थोरल्या मुलीच्या वहीतलं पान फाडून पुढे केलं. एकदा दिलं की माघार नाही, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. पेन हातात धरून मी बराच वेळ बसलो. पीठ मळणारी नंदा थांबली होती. मग लिहिलं: डबा पाहिला पण हाताची ठेवण समजली नाही, खांद्यावरचं मूल नोंदवलं नाही, रिपोर्ट चुकीचा आहे. खाली सही, तारीख.

दशरथने कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. "या," म्हणाला. म्हणजे जा.

घरी सुगंधाला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. नोकरीचं भय तिलाही होतं. मग म्हणाली, "दिलास तां बरां केलास. आता जां होयत तां होयत." पण त्या दिवसापासून घरात साखर जपून वापरली जाऊ लागली, ते मी बघत होतो.

दुसरी तारीख जूनमध्ये. मी रिपोर्ट मागे घेतो म्हटल्यावर चंद्रप्रकाश खुर्चीतून अर्धे उठले.

"युनियनने काय कबूल केलंय तुला, घाडी?"

"काही नाही साहेब."

"मग कोण आहे तुझ्यामागे?"

मी किती वेळा हेच प्रश्न दुसऱ्यांबद्दल विचारले होते! आता ते माझ्यावर आले आणि कळलं, त्यांना उत्तर देताच येत नाही. कोणी नाही म्हटलं की संशय आणखी वाढतो.

मी खिशातून दोन स्विच काढले, एक जुना, एक नवा, दोन्ही प्रकारचे स्क्रू आणि एक स्क्रूड्रायव्हर. वकिलांपुढे ठेवले. "साहेब, तुम्हीच बघा पिळून. आधी जुना."

वकिलांनी जुन्याचे चार स्क्रू बसवले, सहज. नव्याचा पहिला बसवला, दुसरा बसवला. तिसऱ्याला त्यांनी कोट काढला. चौथ्यानंतर स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवून आपल्या तळव्याकडे बघत राहिले. लाल झाला होता.

"रोज किती?" त्यांनी विचारलं.

द्रौपदी म्हणाली, "सहाशे स्विच. चोवीसशे स्क्रू."

"सोंग नाही, हे यावरून सिद्ध होत नाही," चंद्रप्रकाश म्हणाले.

"नाही होत," वकील म्हणाले. "पण बाई म्हणतात ते शक्य आहे, एवढं होतं. आणि तुमचा साक्षीदार गेला."

कंपनीने चूक कबूल केली नाही. एक पत्र काढलं, त्यात लिहिलं होतं की माणुसकीच्या दृष्टीने चार्जशीट मागे घेण्यात येत आहे. पण महिन्याभरात साचा बदलून प्लॅस्टिकमधलं स्क्रूचं भोक थोडं मोठं झालं, कामाचा आकडा पाचशेवर आला, स्क्रूड्रायव्हरच्या मुठींना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवले, म्हणजे मूठ जाड झाली आणि कमी आवळावी लागली. दर दोन तासांनी बायकांनी बाक बदलायचे, म्हणजे हाताला दुसरं काम मिळेल, असं ठरलं. शेवंतीबाई पुढच्याच आठवड्यात अर्धी रजा घेऊन रुग्णालयात गेल्या. कोणाला न सांगता.

द्रौपदीला तपासणीच्या टेबलावर घेतलं, तिथे स्क्रू पिळायचे नव्हते. टिपणीसबाईंनी तिला वाळू भरलेली बाटली दिली होती. डाव्या हाताच्या मदतीने ती वर न्यायची, आणि उजव्या मनगटाने एकट्याने, अगदी हळू, खाली सोडायची. दिवसातून तीन वेळा पंधरा-पंधरा. जेवणाच्या सुट्टीत ती हे सगळ्यांसमोर करायची. सुरुवातीला बाटली पाव भरलेली असायची. वर्ष उलटता उलटता ती पूर्ण भरली.

मला दोन महिन्यांत असेंब्लीतून काढून स्टोअरमध्ये टाकलं. शिक्षा म्हणाले नाहीत, बदली म्हणाले. चंद्रप्रकाशांना खात्री होती की मी युनियनचा झालो. युनियनवाल्यांना खात्री होती की मी मालकांचाच आहे, काहीतरी डाव म्हणून हे केलं. कँटीनमध्ये मी जाऊन बसलो की टेबलावरचं बोलणं थांबायचं. पहिले काही महिने वाटायचं, सगळ्यांना बोलावून सांगावं. मग सोडून दिलं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोलणं थांबवलंच असतं.

अठ्ठ्याऐंशी साली द्रौपदी कामगारांची प्रतिनिधी म्हणून निवडून आली. एक दिवस हातमोजे न्यायला स्टोअरच्या खिडकीशी आली. सोबत खात्यात नव्याने लागलेली एक मुलगी होती, नजर सगळीकडे फिरणारी. मी हातमोजे मोजून ठेवत असताना ती मुलगी हळूच म्हणाली, "ताई, हे कोण गं?"

मी मान वर केली नाही. तरी कान तिकडेच होते.

"घाडी साहेब," द्रौपदी म्हणाली. "आधी आपल्या खात्यात होते."

आणखी काही बोलेल म्हणून मी गठ्ठा बांधायला जरा वेळ लावला. ती बोलली नाही. उजवा हात पुढे करून तिने गठ्ठा वरून उचलला, आणि "चल, भोंगा होईल," म्हणत मुलीला घेऊन निघून गेली.